काडी लावून बघणे

२०२५ च्या सप्टेंबरातला रविवार होता. अमेरिकेने आपल्या मालावर २७ ऑगस्टपासून ५० टक्के आयातशुल्क लावलं होतं, त्यातलं निम्मं आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. आमच्या वाचनालयात त्यावरून सकाळी दहालाच आवाज चढले होते. मी दारात चप्पल काढत होते तेव्हाच मास्तरांचं "एकाहत्तरचा करार विसरलात का?" बाहेरपर्यंत ऐकू आलं.

वाचनालय म्हणजे लोअर परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा तळमजल्यावर मिळालेल्या दोन खोल्या. बाकं चाळीतलीच आहेत, त्यांच्यावर कुणी कुणी कोरलेली नावंही तशीच. रविवारी दहा ते बारा आठ-दहा जण जमतात आणि आठवड्याच्या बातम्यांवर भांडतात. भांडतात हाच शब्द बरोबर आहे. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींनी मला भिशी, सहली, भजनी मंडळ सगळं सुचवलं. मी इथे यायला लागले, कारण लहानपणी याच चाळीच्या गॅलरीत गिरणीतून सुटून आलेल्या माणसांना मी व्हिएतनामवर बोलताना ऐकलं होतं. दिवसभर साच्यासमोर उभी राहिलेली माणसं, केसांत कापसाचे तंतू अडकलेले, आणि बोलणं हनोईचं. चहा थंड व्हायचा, पण वाद थंड होत नसे. त्या आवाजांचं मला लहानपणापासून वेड आहे.

मास्तर पालिकेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. वय ८२. त्यांचं म्हणणं असं की ९ ऑगस्ट १९७१ ला आपण सोव्हिएत युनियनशी करार केला, डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, तेव्हा आपल्या पाठीशी कोण उभं राहिलं हे ज्याने पाहिलंय तो आज मॉस्कोकडे पाठ फिरवणार नाही. बँकेतल्या काकांना हे पटत नाही. त्यांच्या लहानपणी रेशनवर पीएल ४८० चा अमेरिकन गहू यायचा. "ज्याचं धान्य खातो त्याच्यापुढे मान खाली घालावी लागते, हे आम्ही रांगेत उभं राहून शिकलो. तेलाचंही तेच. युक्रेनच्या युद्धाआधी रशियाचं तेल आपल्या आयातीत दोनेक टक्के होतं, ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. एकाच दुकानात उधारी वाढवत नेली की दुकानदार मालक होतो."

"उधारी नाही, रोखीने घेतो आपण," मास्तर म्हणाले.

"मग स्वस्त तेलाचे पैसे पंपावर का नाही उतरले?"

या दोघांच्या मध्ये एक गृहस्थ बसतात, त्यांचा मुलगा अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांत खडे बसवतो. तिथला बराच माल अमेरिकेला जातो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन पाळ्यांची एक झालीय त्याच्याकडे. तुमचं ठरलं की मला सांगा, मी त्याला सांगतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच कुणाला उत्तर सुचेना. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

या शहराला परराष्ट्र धोरण परकं कधी नव्हतंच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेनासा झाला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि इथल्या कंपन्या, बँका एकामागून एक बुडाल्या. राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने देणगी दिली ती त्याच तेजीतल्या पैशांतून. आणि कापसाच्याही आधीपासून अफू. माळव्यातली अफू मुंबई बंदरात यायची, इथून चीनला जायची. चीनने ती अडवली म्हणून ब्रिटिशांनी युद्ध केलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या चीनशी चाललेल्या व्यापारातून आली, आणि त्यांच्या देणगीतलं जे. जे. रुग्णालय १८४५ पासून गोरगरिबांवर उपचार करतंय. माझा जन्म तिथलाच. त्यामुळे अमली पदार्थ आणि परराष्ट्र धोरण हे दोन वेगळे विषय आहेत, असं मला कधी मानता आलेलं नाही. मुंबईत दोन्ही एकाच धक्क्यावरून जहाजात चढले.

त्या रविवारी मात्र एका विषयावरून दुसऱ्यावर आम्हाला आणलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी. त्या डबे करतात. रविवारी डब्यांना सुट्टी असते म्हणून येतात, कडेला बसतात आणि बहुतेक वेळा फक्त ऐकतात. सगळे गप्प झाले तशी त्यांनी मला विचारलं, "ताई, परदेशात गाण्याच्या जलशात मुलांना नशेच्या गोळ्या तपासून देतात म्हणे. खरं का? माझा मुलगा सांगत होता."

त्यांचा मुलगा १९ वर्षांचा आहे. तेव्हा कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मी उत्साहाने सांगायला लागले, कारण हा माझ्या, औषधं तपासण्याच्या, धंद्यातला प्रश्न होता आणि माझा भाचा कॅनबेऱ्यात फार्मासिस्ट आहे. ऑस्ट्रेलियात सरकारच्या संमतीने अशी तपासणी पहिल्यांदा झाली ती एप्रिल २०१८ मध्ये, कॅनबेऱ्यातल्याच एका संगीत महोत्सवात. पुढच्या वर्षी पुन्हा झाली. तंबूत मुलगा किंवा मुलगी येते, गोळी स्वतःच्या हाताने खरवडून चिमूटभर पूड देते, रसायनतज्ज्ञ ती यंत्रावर ठेवतो, काही मिनिटांत आत काय आहे ते कळतं. मग एक माणूस त्या मुलाशी बोलत बसतो. बाजूला एक पेटी असते, गोळी नको वाटली तर तिच्यात टाकायची, कुणी नाव विचारत नाही. २०१९ मध्ये सात नमुन्यांत एन-इथाइलपेंटिलोन नावाचं घातक रसायन निघालं आणि सातही जणांनी आपला माल त्या पेटीत टाकून दिला. जुलै २०२२ मध्ये कॅनबेऱ्यात एका ठिकाणी असं केंद्रच सुरू झालं. नेदरलँड्समध्ये हे १९९० च्या दशकापासून चालू आहे, न्यूझीलंडने २०२१ मध्ये कायद्यानेच मान्यता दिली.

"म्हणजे सरकारने सांगायचं, ही घे, ही चांगली आहे," साहेब म्हणाले.

साहेब पोलिसात होते. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणतो. मुंबईत ब्राउन शुगर पसरली त्या ऐंशीच्या दशकात ते नवे भरती झालेले होते. पुलाखाली पडलेली मुलं त्यांनी उचललीत, त्यातली काही हातात गेलीत. हे ते कधी रंगवून सांगत नाहीत, पण विषय निघाला की त्यांची मान ताठ होते. ते म्हणाले, "ताई, अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं. त्याआधी हातात काही नव्हतं. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं बघा. म्याव म्याव म्हणून पुड्या विकल्या जात होत्या, पकडलं तरी कलम लागत नव्हतं, २०१५ मध्ये ते कायद्यात आलं. तोवर किती घरं बसली? आणि आता तुम्ही म्हणता तंबू टाका, खुर्ची द्या, तपासून द्या. ज्या पोराचं अजून धाडस होत नाही ते पोर तंबू बघून काय समजेल?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी टाळला. मी म्हणाले, तंबूतला कुणीही गोळी चांगली आहे असं कधी म्हणत नाही, आणि यंत्र काय सांगतं ते तुम्हाला ठाऊक नाही. आवाज चढवूनच म्हणाले. बारा वाजले म्हणून ते तिथेच थांबलं.

यंत्र काय सांगतं ते मला ठाऊक आहे. ३१ वर्षं मी औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काढली. गोळी कारखान्यातून बाहेर पडते तोवर तिची किती परीक्षा होते हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. वीस गोळ्या एकेक करून तोलायच्या. चाकात फिरवून किती झिजतात ते बघायचं. ३७ अंशांच्या पाण्यात, म्हणजे शरीराइतक्या उबेत, किती वेळात विरघळते ते मोजायचं. प्रत्येक लॉटच्या गोळ्या मुदत संपल्यावरही आणखी वर्षभर कपाटात जपून ठेवायच्या, उद्या कुणी तक्रार केली तर पुन्हा तपासता याव्यात म्हणून. आणि या सगळ्याच्या आधी कच्चा माल. ड्रमवर काहीही लिहिलेलं असो, प्रत्येक ड्रममधली पूड काढून तिची ओळख पटवायची. ते इन्फ्रारेड यंत्रावर होतं. पुडीवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतात, त्यातला कुठला भाग ती शोषते त्याची एक रेघ कागदावर उमटते. चढउतारांची ती रेघ म्हणजे त्या पदार्थाच्या अंगठ्याचा ठसा. महोत्सवांच्या तंबूत जे यंत्र ठेवतात ते याच जातीचं, आटोपशीर.

मी २६ वर्षांची असताना एका रात्रपाळीत एका ड्रमची रेघ जुळेना. लेबल बरोबर, शिक्का बरोबर, पूड तशीच पांढरी, तशीच मऊ. पण कागदावरच्या १७०० या आकड्याच्या आसपास जिथे खोल दरी दिसायला हवी तिथे रेघ सपाट. वरिष्ठ म्हणाले, पुरवठादार जुना आहे, तूच नमुना नीट तयार केला नसशील. मी पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. रात्री अडीच वाजता तीन कागद एकाखाली एक ठेवून मी खिडकीच्या काचेला लावले, मागून नळीचा दिवा होता, तिन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. चौथा कागद लेबलवरच्या औषधाचा, तो बसेना. ड्रममध्ये दुसरंच काही होतं. तो ड्रम परत गेला. त्या रात्री माझ्या हाताला कंप सुटला होता, कारण पूड हुबेहूब तीच दिसत होती. नजरेने, वासाने, कशानेही कुणाला कळलं नसतं. आजही एखादा तरुण मुलगा अंधारात, कुणाच्या तरी हातून, लेबलही नसलेली गोळी घेतो असं वाचलं की मला तो सपाट भाग आठवतो.

आणि दुसरी एक गोष्ट मला छळते. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात ७०० किलोच्या आसपास एमडी पकडलं. आरोपींमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिकलेला एक जण होता. जे शास्त्र मी शिकले तेच तो शिकला. विष बनवायला आमच्यातला माणूस मिळतो, तर तपासायला आमच्यातल्यांनी का बसू नये, हे मला साहेबांना म्हणायचं होतं. रागाच्या भरात राहून गेलं.

त्या रात्री झोप येईना तेव्हा मला माझी आजी आठवली, म्हणजे आईची आई. ती आणि मामा चाळीत आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचे. मामा गिरणीत विणखात्यात होता आणि शनिवारी हातभट्टीची बाटली आणायचा, देशीपेक्षा ती स्वस्त पडायची. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, अजूनही लागतो, १९४९ चा दारूबंदीचा कायदा पुस्तकात आहेच. मामाकडे कुठला परवाना. आजीला त्याचं पिणं अजिबात पसंत नव्हतं. तिने रडून पाहिलं, उपास केले, पंढरपूरला नेऊन माळ घालून आणली, ती माळ दीड महिना टिकली. शेवटी तिने एक नियम केला. बाटली आधी तिच्यापुढे यायची. ती लोखंडी पळीत दोन घोट ओतायची आणि मला म्हणायची, "बाय, काडी दे." मी सात-आठ वर्षांची. काडेपेटी धरून उभी. ती काडी ओढून पळीला लावायची आणि निळी ज्योत नुसती थरथरत उठली की म्हणायची, बरं. पिवळी, काजळी धरणारी उठली तर सगळी बाटली मोरीत. मामा एक अक्षर बोलायचा नाही.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले तेव्हा कळलं की त्या परीक्षेला अर्थ नव्हता. माणसं मारतं ते मिथेनॉल, आणि तेही निळंच जळतं, उलट त्याची ज्योत जास्तच फिकी. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ८० हून जास्त माणसं मेली. जून २०१५ मध्ये मालवणीत १०० च्या वर. रोजंदारी करणारे होते बहुतेक. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळलेलं. ते पोटात गेल्यावर बारा-बारा तास माणसाला काही होत नाही, घरी येतो, जेवतो, झोपतो. यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करत असतं, ते डोळ्यांच्या नसेवर जातं. सकाळी उठून माणूस विचारतो, दिवे का गेलेत? मालवणीच्या बातम्या वाचत असताना मी कारखान्यात होते. आमच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ होता, मिथेनॉल किती आहे ते त्याने अर्ध्या तासात सांगितलं असतं. एका थेंबात. त्या दिवशी मी तो चालू करून नुसती त्याच्यापुढे बसले होते.

आजीची ज्योत खोटी होती, हे मी कित्येक वर्षं मैत्रिणींना हसत सांगत आले. त्या रात्री वेगळंच काही आठवलं. ज्योत विझेपर्यंत आजी गप्प नसायची. कुठून आणलीस, त्याच्याकडची की दुसऱ्याची? कोण कोण बसणार? जेवलास का? उद्या पाळी कितीची? तिशीतला बाप्या आईसमोर उकिडवा बसून एकेक उत्तर द्यायचा. एकदा तिने विचारलं, "आज एवढी का आणलीस?" आणि मामा रडला. त्या दिवशी साच्यात अडकून त्याच्या जोडीदाराची बोटं गेली होती. मी काडेपेटी हातात धरून ते पाहिलंय.

पुढच्या रविवारी मी वाचनालयात गेले ती माझ्याच विरोधातली माहिती घेऊन. आठवडाभर मी वाचलं होतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात संगीत महोत्सवांत सहा तरुण मेले, १८ ते २३ वयाचे. तिथल्या राज्याच्या उप-कोरोनर, म्हणजे अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकारी, हॅरिएट ग्रॅहम यांनी त्याची चौकशी केली. (मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनर होता, मास्तरांनी लगेच आठवण करून दिली.) चौकशीत निघालं की ही मुलं भेसळीने मेली नाहीत. ती एमडीएमएनेच, म्हणजे एक्स्टसीनेच मेली. म्हणजे गोळीत तेच होतं जे विकणाऱ्याने सांगितलं होतं. मी हे वाचून दाखवलं आणि साहेबांकडे पाहिलं. यंत्राने 'हो, एमडीएमएच आहे' असं सांगितलं असतं, आणि तरीही. शिवाय या यंत्राला थोड्या प्रमाणात मिसळलेलं पटकन दिसत नाही. पाचेक टक्क्यांच्या खाली काही असेल तर ते सुटू शकतं, आणि हल्लीची काही विषं त्याहून कितीतरी कमी मात्रेत मारतात. हेही मी सांगितलं, आणि ग्रॅहम यांनी अहवालात तपासणीची शिफारस केली होती तेही.

साहेब जिंकल्यासारखे हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मग तरीही त्या बाईंनी तपासणी करा म्हणून का लिहिलं?"

कारण मुलं कशी मेली तेही चौकशीत बाहेर आलं. उन्हात तासन्‌तास नाचणं, अंग तापणं, एकाऐवजी दोन, दोनाऐवजी तीन घेणं, प्रकृती बिघडली तरी भीतीने मदत न मागणं. दारात पोलिसांचे कुत्रे दिसले की जवळच्या सगळ्या गोळ्या मुलं एकदम गिळून टाकतात. ग्रॅहम यांनी ते कुत्रे थांबवा असंही सुचवलं होतं. तंबूत यंत्राच्या पलीकडे जो माणूस बसतो त्याने 'ही दुप्पट ताकदीची आहे' एवढं सांगितलं तरी कुणी अर्धी घेईल, कुणी टाकून देईल. तिथल्या सरकारने तेव्हा ते मानलं नाही. २०२५ मध्ये महोत्सवांतून तपासणी करून बघायला सुरुवात केली. त्याच वर्षी शेजारच्या क्वीन्सलंडने मात्र आधी चालू केलेली केंद्रं बंद केली. म्हणजे त्यांचंही एकमत नाही.

"कुत्र्यांचं मला पटतं," साहेब म्हणाले. मग बराच वेळ थांबून, "एकदा आमच्या धाडीत एका पोराने पुडी गिळली होती." पुढे ते बोलले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही. मास्तरांनी उठून पंखा एका आकड्याने कमी केला, त्याची खडखड थांबली.

मला त्या शांततेबद्दल लिहायचं आहे. आदल्या रविवारी आम्ही वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंग सगळ्यांना कामाला लावलं होतं, कुणाच्या आवाजात कंप नव्हता. सीप्झमधल्या मुलाचा बाप बोलला तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं. आता साहेब गप्प झाले तेव्हा दुसऱ्यांदा. जगाच्या राजकारणावर मनापासून बोलणारी माणसं मला अतिशय प्रिय आहेत, त्यांना रिकामटेकडे म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पण आपल्या जिन्यातल्या गोष्टीवर बोलायला बसलो की आम्हा सगळ्यांचीच जीभ जड होते. लोक काय म्हणतील, कुणाच्या घरावर बोट जाईल, आपल्याच पोराचं काही निघालं तर. टॉवरच्या गच्चीवरून गिरणीच्या जागी उभे राहिलेले पब दिसतात. शनिवारी रात्री त्यांचा ठोका आमच्या खिडक्यांच्या काचांपर्यंत येतो. जानेवारी २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर मोठे परदेशी संगीत महोत्सव होतात, चालत जाता येईल एवढं जवळ. इतक्या रविवारी त्यावर कुणी एक वाक्य बोललं नव्हतं.

बँकेतल्या काकांनी कायद्याचा मुद्दा काढला आणि तो खरा आहे. आपल्याकडे असा तंबू कुणी उद्या टाकला तर तपासणाराच आत जाईल. पदार्थ जवळ बाळगणं गुन्हा, आणि तपासणाऱ्याच्या हातात तो असणारच. पण मी त्यांना दुसरी बाजू सांगितली. आपलंच सरकार एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया देतं. ब्युप्रेनॉर्फिन या नशेऐवजी द्यायच्या औषधाची गोळी समोर बसवून जिभेखाली ठेवायला लावतं. एकाच सुईमुळे एचआयव्ही पसरतो हे दिसल्यावर कुणीतरी दिल्लीत बसून ठरवलं की आधी हा माणूस जिवंत ठेवू. १९८५ च्या कायद्यातच ६४-अ कलम आहे, व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून उपचाराला आला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे साहेबांना माहीत होतं. वहिनींना माहीत नव्हतं. "हे कुठे लिहिलेलं असतं?" त्यांनी विचारलं. "दवाखान्यात? रेल्वे स्टेशनवर?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

मग मी तंबूचा हट्ट सोडला आणि रात्री सुचलेलं सांगितलं. पोलीस गोळ्या पकडतात, त्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. तिथे माझ्यासारखीच माणसं, त्याच यंत्रांवर, आत काय आहे ते शोधतात. तो अहवाल खटल्यासाठी बंद पाकिटात कोर्टात जातो. त्यातलं एवढंच बाहेर यावं: या रंगाच्या, या छापाच्या गोळीत अमुक निघालं, नेहमीच्या कितीतरी पट ताकदीचं निघालं, असं दिसलं तर ताबडतोब डॉक्टरकडे न्या. आरोपीचं नाव नको, ठिकाण नको. भेसळीच्या दुधाची बातमी देतात तशी. ऑस्ट्रेलियात असे इशारे सरकारच काढतं. केईएम, सायन, नायरच्या अपघात विभागात रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला तेवढं जरी कळलं तरी त्याचा अर्धा तास वाचेल.

साहेबांनी आपली छोटी वही काढली. "हे होऊ शकतं," म्हणाले. "यासाठी कायदा बदलावा लागणार नाही, वर कुणीतरी मनावर घ्यावं लागेल." माझ्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून 'हे होऊ शकतं' ऐकून मला इतका आनंद फार वर्षांत झाला नव्हता.

पत्र लिहायचं ठरलं. मास्तरांचं अक्षर चांगलं म्हणून कागद त्यांच्याकडे. पहिलं वाक्य लिहितानाच अडलं. साहेबांनी सांगितलं, "सेवन करणारा इसम." वहिनी एकदम म्हणाल्या, "इसम नको. पोलीस ठाण्यात पडलेला वाटतो." काकांनी 'व्यसनी' सुचवला. तो मी अडवला, कारण पहिल्यांदाच गोळी घेऊन मरणारा मुलगा व्यसनी नसतो. 'युवक' मास्तरांना भाषणातला वाटला, आणि मुलींचं काय? तासभर त्या एका शब्दावर गेला. तेल, आयातशुल्क, रशिया त्या दिवशी निघालंच नाही. शेवटी मास्तरांनी जागा कोरी सोडली आणि पुढचं लिहिलं. आज चौथा मसुदा चालू आहे, जागा अजून कोरी आहे.

निघताना जिन्यात वहिनींचा मुलगा उभा होता. बाईकची किल्ली बोटात फिरवत. मला बघून थांबला. "मावशी, आई सांगत होती, तुम्ही असलं मशीन चालवायचात."

"हो. एकतीस वर्षं."

"त्याला किती लागतं? म्हणजे, किती द्यावी लागते? सगळी गोळी?"

"चिमूटभर. नखाने खरवडली तरी पुरते."

त्याने मान हलवली. किल्ली फिरायची थांबली. वर कुठेतरी लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं. मला पुढचं वाक्य सुचेना, मग आजीचं सुचलं.

"जेवलास का?" मी विचारलं.

"नाही अजून."

मी पायरीवर बसले, पिशवी बाजूला ठेवली. जरा थांबून तोही एक पायरी खाली बसला.